कुणासाठी घेतेयस?

आमच्याकडे विणायला बसायचं तर आधी कुणाला तरी दिवस जावे लागत. सातवा महिना लागला की घरातली मोठी बाई कपाटाच्या तळातून दहा नंबरच्या सुया काढी आणि बाळंतविड्याची यादी सुरू होई: स्वेटर, टोपरं, पायमोजे, जमलंच तर शाल. मुलगा की मुलगी ते ठाऊक नसल्यामुळे रंग पिवळा, पांढरा, फार झालं तर पिस्ता. रत्नागिरीत ऐन एप्रिलमध्ये जन्मलेल्या बाळालाही बारशाला तो स्वेटर चढवला जाई. बाळ उकाड्याने टाहो फोडी. पण मावशीने विणलाय म्हटल्यावर एकदा तरी घालायलाच हवा. लोकर आणायची रीतही ठरलेली. दुकानदाराला बाळाचं माप सांगायचं, तो गुंडे मोजून देई, त्याच लॉटमधले दोन बाजूला काढून ठेवी आणि एखादा उरला तर वरची कागदी पट्टी न फाडता आणून दिल्यास मुकाट्याने परत घेई. घरात बेवारस लोकर नसायची. असायची ती जुना स्वेटर उसवून गुंडाळलेली, आणि तिलाही कुणीतरी नेमून दिलेलं असायचं.

म्हणजे आधी माणूस, मग नमुना, मग लोकर. हा क्रम पार उलटा झालेला पाहायचा असेल तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी ऱ्हाइनबेकला जावं.

ऱ्हाइनबेक हे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या खोऱ्यातलं छोटं गाव. १७६६ सालापासून चालू असलेली बीकमन आर्म्स नावाची एक सराई, चार सुबक रस्ते आणि त्या दिवसांत लाल-केशरी झालेले मेपल. एरवी शांत. पण डचेस काउंटीच्या मेंढपाळांची संघटना तिथल्या जत्रेच्या मैदानावर ‘न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वूल फेस्टिव्हल’ भरवते, आणि ते दोन दिवस गावात गाडी उभी करायला जागा मिळत नाही. राहायच्या खोल्या तर वर्षभर आधी गेलेल्या असतात. आम्ही न्यू जर्सीवाले पहाटे निघतो आणि गाडीतच पोहे खातो. आमच्या पुढच्या-मागच्या गाड्यांत काय चाललेलं असतं तेही सांगते. मागच्या सीटवर बसलेल्या बायका बाहीचे शेवटचे टाके बंद करत असतात. कारण ऱ्हाइनबेकला नवा स्वेटर घालून जायचं, तोही आपल्या हातचा, असा तिथला अलिखित नियम आहे. त्यासाठी उन्हाळ्यापासून विणकाम चालतं. हवामान मात्र या नियमाला बांधलेलं नाही. एखाद्या वर्षी सकाळी हात गारठतात आणि दुपारी उन्हाने अंग भाजून निघतं. तरी कुणी स्वेटर काढत नाही. जाड अरान विणीत घामेजलेल्या, लालबुंद चेहऱ्याच्या आणि अत्यंत सुखी अशा इतक्या बायका मी दुसरीकडे कुठे पाहिलेल्या नाहीत. रत्नागिरीचं बाळ निदान रडत तरी होतं.

या वेळी सासूबाई बरोबर होत्या. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांचा विणकामातला अधिकार असा, की त्या टीव्हीकडे बघत विणतात आणि चुकलेला टाका चार ओळींनंतर केवळ बोटांना कळतो. आत शिरल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर समोरून येणाऱ्या एका अनोळखी बाईचा हात धरला, तिच्या स्वेटरची कड उलटी केली आणि मागची बाजू बघितली. मी जमिनीत जायच्या बेतात होते. पण त्या बाईने आनंदाने दुसरा हातही पुढे केला. मग दोघी पाच मिनिटं बोलल्या. सासूबाई मराठीत, ती इंग्रजीत. मध्ये कुणाचं काही अडलं नाही. “सुलट बाजू काय, कुणीही करतं,” त्या मला म्हणाल्या. “धागे उलट बाजूला कसे नेलेत ते बघावं. हिने बरे नेलेत.”

दुकानांच्या लांबच लांब शेडमध्ये शिरलं की मात्र माणसाचं भान सुटतं. भिंतीभर टांगलेल्या लडी. गुंडे नव्हेत, लडी. पिळून वेणीसारख्या केलेल्या, हाताने रंगवलेल्या. एकाच लडीत निळा, जांभळा, मध्येच राखाडीचे शिंतोडे, आणि त्याला नाव काहीतरी पावसानंतरच्या सोमवारचं वगैरे. सासूबाईंनी ती नावं मानली नाहीत. त्या आमसुली, कोनफळी, शेवाळी, पारवा असं म्हणत पुढे सरकत होत्या. नंतर त्यांनी माझ्या हातातल्या एका कोनफळी लडीचं लेबल मला वाचायला लावलं. शंभर ग्रॅम, चारशे यार्ड.

“यार्ड म्हणजे वारच ना? म्हणजे एका लडीत चव्वेचाळीस नऊवारी,” त्या म्हणाल्या. “आणि किंमत?”

“तीस डॉलर.”

“अडीच हजार.” थोडं थांबून, “शंभर ग्रॅमला?” आणखी थोडं थांबून, “कुणासाठी घेतेयस?”

हा प्रश्न त्या दिवशी मला इतक्या वेळा विचारला गेला की नंतर नंतर मी लडीला हात लावायच्या आधी इकडेतिकडे बघू लागले. खरं उत्तर असं होतं, की कुणासाठीच नाही. रंग आवडला. एका लडीत मोठ्या माणसाचा स्वेटर होत नाही. बारीक धाग्याला चार तरी लडी लागतात. एका लडीत होतात पायमोजे, किंवा गळ्याभोवतीचं काहीतरी. मला पायमोजे नको होते, आणि गळ्याभोवतीची काहीतरी माझ्याकडे बरीच आहेत. तरी लड हातातून सुटत नव्हती. तिथल्या बायका लड निवडताना ती आधी बोटांत चुरतात, मग गालाला लावतात आणि शेवटी मानेला. मानेला टोचली नाही की खरेदी झालीच समजा. मीही लावली. नाही टोचली.

सासूबाईंनी तीच लड घेतली, एका ठिकाणी अंगठ्याने जोरात घासली आणि माझ्यापुढे धरली. घासलेल्या जागी पिसारा फुटला होता. “दोन धुण्यांत गोळे येतील याला,” त्या म्हणाल्या. “मऊ आहे म्हणून घेतेस, पण पीळ बघ की. एकेरी धागा आहे. स्वेटर काय मानेनेच घालतात का? कोपरं टिकायला नकोत?”

यात त्यांचं शंभर टक्के खरं आहे, आणि जत्रेतला निम्मा व्यवहार या एका गोष्टीकडे काणाडोळा करून चालतो. मेरिनो मेंढीचा तंतू बारीक असतो, म्हणून तो टोचत नाही. आणि बारीक, आखूड तंतू सैल पिळात घातले की ते वर येतात, एकमेकांत गुंततात आणि गोळे होतात. त्यात बऱ्याच लोकरीवर ‘सुपरवॉश’ लिहिलेलं असतं. म्हणजे तंतूवरचे बारीक खवले क्लोरीनने झिजवून वर राळेचा पातळ लेप दिलेला. खवलेच एकमेकांत अडकून लोकर आटते. ते गेले की स्वेटर यंत्रात धुता येतो. सोय मोठी आहे. फक्त असा स्वेटर धुतल्यावर आटत नाही तो नाहीच, उलट कधी कधी लोंबायला लागतो.

या मऊपणाच्या वेडाचं मूळ तिथून फार लांब नाही. ऱ्हाइनबेकच्या उत्तरेला अर्ध्या तासावर क्लेरमाँट नावाची जहागीर आहे. तिचा मालक रॉबर्ट लिव्हिंगस्टन. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहायला जी पाच जणांची समिती नेमली होती त्यातला एक, १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टनला अध्यक्षपदाची शपथ देणारा, पुढे फ्रान्समध्ये राजदूत म्हणून गेल्यावर लुइझियानाच्या खरेदीची बोलणी करणारा. एवढ्या राजकारणात असूनही या गृहस्थाचं लक्ष मेंढ्यांवर गेलं. मेरिनो मूळची स्पेनची, आणि स्पेनने ती बाहेर जाऊ नये म्हणून शतकानुशतकं बंदी घातलेली. पण १७८६ मध्ये फ्रान्सच्या राजाने स्पेनकडून एक कळप मिळवून राँबुयेला ठेवला होता. फ्रान्समधल्या मेरिनोंच्या दोन जोड्या लिव्हिंगस्टनने १८०२ साली हडसनकाठी घरी पाठवल्या. १८०९ मध्ये मेंढीवर एक अख्खं पुस्तकही लिहिलं. मग अमेरिकेत मेरिनोचं असं खूळ आलं की चांगल्या मेंढ्याला हजार डॉलरपर्यंत भाव गेला. १८१२ चं युद्ध संपून इंग्लंडचं कापड पुन्हा बंदरात उतरू लागलं तेव्हा ते भाव कोसळले आणि हजारवाले मेंढे मांसाच्या भावाने गेले. मला हे वाचल्यापासून तीस डॉलरबद्दल जरा कमी अपराधी वाटतं. निदान माझी लड चारा मागत नाही.

जत्रेचा खरा प्राण मात्र मागच्या अंगाला, जनावरांच्या शेडमध्ये आहे. पुष्कळशा बायका तिकडे फिरकतच नाहीत, हे मला फार चमत्कारिक वाटतं. तिथे लांब कुरळ्या बटांची लिंकन आहे, चार शिंगांची ठिपकेदार जेकब आहे, नाक वर करून उभी असलेली बॉर्डर लेस्टर आहे. तिचे कान सशासारखे ताठ. अल्पाका आहेत, लामा आहेत. मोहेर अंगोरा बोकडाचं आणि अंगोरा मात्र सशाचं, हा गोंधळ तिथे प्रत्यक्ष जनावर बघून मिटतो. एक बाई मांडीवर अंगोरा ससा घेऊन बसली होती आणि त्याच्या अंगावरचे सुटे केस ओढून सरळ चरख्यावर कातत होती. ससा झोपलेला. सासूबाई म्हणाल्या, “अगंबाई, त्याचं कातून झालं की त्याला थंडी नाही का वाजायची?” मी विचारून सांगितलं, की झडायला आलेले केसच निघतात. त्यांचं समाधान झालं नाही. जाताना त्यांनी सशाच्या पायावर आपला रुमाल ठेवला आणि परत उचलला.

मेंढ्यांच्या शेडमध्ये मात्र त्या एकदम घरच्या झाल्या. त्यांचं माहेर हुपरी, आणि शेजारचं पट्टणकोडोली म्हणजे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा. साधारण याच दिवसांत तीही भरते. महाराष्ट्र-कर्नाटकातले धनगर लोटतात, ढोल वाजतात, फरांडेबाबा पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात आणि भंडाऱ्याबरोबर, खोबऱ्याबरोबर तिथे लोकर उधळतात. हळदीने पिवळ्या झालेल्या माणसांवर वरून काळी-पांढरी लोकर पडत असते. ती ना कुणी वजन करून आणलेली, ना तिला लेबल. “आमच्याकडे वरून यायची,” सासूबाई म्हणाल्या, “इथे तुम्ही हुकाला टांगता.” त्यांनी एका मेंढीच्या पाठीवरची लोकर दोन्ही हातांनी फाकवून आत बघितलं, तिथल्या मेंढपाळ पोराला वर्षातून किती वेळा कातरता असं विचारायला लावलं, आणि एकदाच म्हटल्यावर मान हलवली. दख्खनी मेंढी दोनदा कातरतात. तिची लोकर राठ; मानेला लावली तर माणूस ओरडेल. पण ती मानेसाठी नसतेच. सनगर विणकर तिचं घोंगडं विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, आणि ते घोंगडं पावसात अंगावर घेऊन माणूस माळावर रात्र काढतो. कुणासाठी हा प्रश्न त्या लोकरीला विचारावाच लागत नाही.

ऱ्हाइनबेकच्या लेबलांवर मात्र एक गंमत दिसते. लहान शेतकऱ्यांच्या गाळ्यांवर लोकर नुसती जातीने सांगत नाहीत. मेंढीचा फोटो असतो, कधी तिचं नावही. म्हणजे लोकर कुणाची ते छापलेलं असतं. कुणासाठी, ते रिकामं. तो रकाना घरी जाऊन भरायचा, आणि बहुतेकींच्या घरी तो रिकामाच राहतो. तिथल्या बायकांत यावर एक थट्टा चालते, की उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतकी लोकर जमली म्हणजे आपण पोहोचलो. पोहोचलेल्या पुष्कळ भेटतात. एकीने सांगितलं, तिच्याकडे लोकरीसाठी वेगळी खोली आहे. दुसरी म्हणाली, आधी होती, आता मुलगा परत राहायला आलाय. दोघी माझ्या हातातल्या लडीकडे बघून अगदी मायेने हसल्या.

आमचे हे एव्हाना कुठे असतील ते शोधायला लागलं नाही. मैदानात बाक आहेत आणि बाकांवर नवरे आहेत. प्रत्येकाच्या पायाशी पिशव्या, हातात सफरचंदाच्या रसात मळलेल्या पिठाचे गरम डोनट. ह्यांनी आमच्यासाठी तळलेली आर्टिचोकची भजी आणायला रांग लावली होती. रांग इतकी हलत नव्हती की मागच्या माणसाशी ह्यांची घरोब्याची मैत्री झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा दोघं बाकावर कुडकुडत बसले होते. ऊन गेलं होतं. ह्यांच्या अंगात गेल्या दहा हिवाळ्यांचं तेच पातळ दुकानातलं जर्किन.

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. मग त्याला उभं केलं, पाठमोरं वळवलं, आणि भर जत्रेत खांद्यापासून कमरेपर्यंत विती मोजल्या. मग आडव्या. पोटावरून मोजताना एक वीत जास्त लागली ती त्यांनी मोठ्याने सांगितली. बाकावरचे बाकीचे नवरे एकदम सावरून बसले. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं होतं. हाताने रंगवलेल्या सगळ्या भिंती ओलांडून त्या थेट कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याच्या गाळ्यावर गेल्या. तिथे रॉम्नी मेंढीची, न रंगवलेली, घट्ट दुहेरी पिळाची पारवी लोकर होती. जाडसर, लडीला दोनशे वार. त्यांनी अंगठ्याने घासली. काही फुटलं नाही. वास घेतला, मेंढीचा होता. किंमत माझ्या कोनफळी लडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. मानेला लावून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. “आत शर्ट असतो की,” एवढंच म्हणाल्या.

“चौदाशे वार,” त्यांनी हिशेब केला. “सात लडी.” मी सात मोजल्या. मग त्यांनी विचारलं, “उरली तर परत कुठे करायची?”

मी सांगितलं, की परत कुठेच करायची नाही. हे लोक उद्या संध्याकाळी आपल्या शेतावर जातील. आणि कमी पडली तर पुढच्या वर्षीच्या कातरणीची छटा वेगळी असेल. मेंढीचं वयही एक वर्षाने वाढलेलं असेल.

सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. आयुष्यभर ज्या दुकानदाराच्या भरवशावर त्यांनी हिशेब केले, तो एकाएकी नाहीसा झाला होता. “मग आणखी एक घे,” त्या म्हणाल्या. आठवी लड पिशवीत गेली. मी त्या लडीकडे बघत राहिले, कारण पहिल्यांदा मला माझ्या खोलीतल्या लोकरीच्या पोत्यांचा उगम दिसला. लोक समजतात, साठा हावेपोटी होतो. थोडाफार होतोही, कोनफळी लड मी शेवटी घेतलीच. पण बराचसा साठा अशा शहाण्या, काटकसरी, घरंदाज आठव्या लडींचाच असतो. परत घेणारा दुकानदार गेला की प्रत्येक स्वेटरमागे एक लड उरते, आणि ती लड कुणाचीच नसते.

स्वेटर डिसेंबरात झाला. ह्यांच्या मानेला टोचतो, पण तक्रार करायची सोय नाही. आणि हो, सासूबाईंचा हिशेब अंदाजाबाहेर गेला नाही: साडेसहा लडी लागल्या.

तेव्हा कधी ऱ्हाइनबेकला किंवा दुसऱ्या कुठल्या लोकरीच्या जत्रेला जाणं झालं, तर नमुना घरूनच ठरवून जा, किती वार लागणार ते कागदावर लिहून न्या. शेतकऱ्यांच्या गाळ्यांसाठी थोडे रोख पैसे जवळ ठेवा. लोकर मानेला लावण्याआधी अंगठ्याने घासा. जनावरांची शेड चुकवू नका. स्वेटरची घेत असाल तर मोजून होईल त्यावर एक लड जास्त घ्या. कमी पडलेली बाही कुठल्याच रंगात शोभत नाही. आणि एकच सुटी लड आवडली म्हणून घेणार असाल, तर सासूबाईंना घरी ठेवून जा.